पाच तोळ्यांच्या पाटल्या

एका पाटलीची बाई बरी दिसत नाही, असं माझी बायको म्हणाली आणि चौथ्या दिवशी गेली.

विषय पाटल्यांचाच चालला होता. पाटल्या दोन आणि मुली दोन. मुलगा नाही. दवाखान्यात नर्सबाईने साबण लावून तिच्या हातातून पाटल्या काढल्या आणि रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. मी म्हटलं, थोरलीला एक, धाकटीला एक, झालं वाटप. तर ती पडल्या पडल्या म्हणते, "डोकं ठिकाणावर आहे का? एका हातात पाटली आणि दुसरा हात बोडका, अशा फिरतील का पोरी? विका त्या. पैसे दोघींना सारखे द्या. आणि सोनाराशी नीट बोला. तुमच्या तोंडाला लगाम नाही."

जाणारं माणूस निरवानिरव करताना गोड बोलतं म्हणतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मुली आपापल्या घरी गेल्या. थोरली जळगावात दिली आहे, धाकटी धुळ्याला. मी सावद्याजवळ आमच्या गावात एकटा. पाटल्या कपाटात पडून राहिल्या. रोज म्हणायचो उद्या जाऊ. खरं सांगायचं तर कपाट उघडायला हात होत नव्हता. भांडायला घरात कोणी नाही, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. भाजी खारट झाली तर ओरडायचं कोणावर? मीच केलेली.

असं करता करता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. मग मात्र मी धसका घेतला. वर्षाच्या आत तिचा शब्द पुरा झाला पाहिजे. दोघी श्राद्धाला येतील तेव्हा दोघींच्या हातात पैसे पडलेले पाहिजेत, सारखे, आणि एकीच्याही मनात किंतू राहता कामा नये. एवढंच माझ्या जिवाला लागलं होतं.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं सगळी उमर बाजारोबाजार मसाल्याचं दुकान लावलं. आज सावद्याचा बाजार, उद्या आणखी कुठला, एका वारी पार पहूरपर्यंत. पोतं अंथरायचं, मिरी, लवंग, धने, खसखस, खोबरं मांडायचं आणि तराजू हातात घेऊन बसायचं. मी तोलायचो, बायको पैसे घ्यायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तिचं, कारण मी बोललो की गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर जायचं. पण तोलण्यात मला कोणी नाव ठेवलं नाही. तराजूची दांडी बघून मी सांगायचो, हे पारडं ओलं आहे, पुसा. शेवटची काही वर्षं सगळ्यांसारखा बॅटरीचा काटा घेतला, पण त्यात मजा नव्हती. जुना तराजू माळ्यावर गेला आणि पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन देव्हाऱ्यात. खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. आमचं हत्यार तेच.

तर मी माळ्यावरून तराजू काढला. पुसला. एका पारड्यात देव्हाऱ्यातलं वजन, दुसऱ्यात दोन्ही पाटल्या. दांडी सरळ! काडीचा फरक नाही. पन्नास ग्रॅम म्हणजे पाच तोळे. मला इतका आनंद झाला की लगेच दोघींना फोन लावला. "पाच तोळे भरल्या. बरोब्बर पाच." हेच मी नको करायला पाहिजे होतं.

विकायच्या कुठं, हा पुढचा प्रश्न. गावात एक सोनार होता, तो मुलाकडे सुरतेला गेला. मी चहाच्या टपरीवर विचारलं, आणि टपरीवर एकदा विचारलं की मग सगळा गाव सोनार होतो.

एक म्हणाला, "जळगाव सोडून कुठं जाऊ नका. सगळी दुनिया जळगावला सोन्यासाठी येते."

दुसरा म्हणाला, "मोठ्या दुकानात जाल तर त्यांच्या एसीचं बिल तुम्ही भराल. लहान सोनार गाठा. डोळ्यासमोर आटवून देतो."

तिसरा म्हणाला, "जिथं घेतलं तिथंच मोडायचं, हा नियम आहे. पावती कुठंय?"

मी म्हटलं, "सासऱ्याने घातल्या त्या. सासऱ्याकडे पावती मागितली असती तर बायको मिळाली असती का?"

तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, दात काढत म्हणतो, "नाना, विकायच्या का मोडून नव्या घडवायच्या? कोणी पाहून ठेवली असेल तर सांगून टाका. वरातीत नाचू आम्ही."

"तुझी आत्या रिकामीच आहे ना रे?" मी म्हटलं. "विचारून ठेव."

टपरी हसली, मीही हसलो. वर्षभरात असा मोकळा हसलो नव्हतो. चहाचे पैसे आत्याच्या भाच्याने दिले.

पहिल्यांदा जळगावला गेलो. थोरली म्हणाली, "नाना, आमच्या घरचं सगळं सोनं एकाच दुकानातलं आहे. नावाजलेलं दुकान. तुम्ही फक्त बसा, बोलू नका. बोलायचं काम माझं." हे वाक्य ऐकून मला तिची आईच बोलल्यासारखं वाटलं.

दुकानाच्या दारावर बंदूकवाला. त्याने मला सलाम केला, मी त्याला केला. आत गारठा. फिरती खुर्ची, त्यावर बसलो तर मी आपोआप भिंतीकडे तोंड करून फिरलो. काचेच्या टेबलापलीकडे एक तरुण पोरगी, काळा कोट, केस चापून बांधलेले. तिने चहा मागवला. पाटल्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "छान आहेत हो जुन्या घडणीच्या. बाबा, रोख पाहिजे का बदल्यात नवीन घ्यायचंय? नवीन घेतलं तर घट कमी लागते." घट म्हणजे जुन्या सोन्यातून ते जेवढं कापून घेतात ते. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने खालचा खण ओढला आणि मखमलीवर चार मंगळसूत्रं मांडली. "हे सध्या खूप चालतंय."

"मी काय बोहल्यावर उभा राहतोय?" मी म्हटलं.

थोरलीने पदर तोंडाला लावला. पोरगी लाजली, खण बंद केला. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

मग तिने पाटल्या काट्यावर ठेवल्या. काचेच्या पेटीत काटा, वर लाल आकडे. ती म्हणाली, "एकोणपन्नास पॉइंट एक."

"किती?"

"एकोणपन्नास ग्रॅम आणि वर थोडं."

माझं डोकं फिरलं. "बाई, मी घरून तोलून आणल्यात. पन्नास आहेत."

"बाबा, घरच्या काट्यात फरक पडतो."

घरच्या काट्यात! मला म्हणाली. मी हाताची पिशवी उघडली. मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो, देव्हाऱ्यातलं वजन फडक्यात गुंडाळून बरोबर आणलं होतं. ते मी तिच्या काट्यावर ठेवलं. "हे पन्नासचं वजन. वर आकडा कोरलाय. वाच."

लाल आकडे फिरले आणि थांबले. एकोणपन्नास पॉइंट एक.

"बघा!" मी उभाच राहिलो. "पन्नासचं वजन यांच्या काट्यावर एकोणपन्नास भरतं! तोळ्यामागं असं खाता, आणि वर चहा पाजता!"

पलीकडे एक लग्नाची खरेदी चालली होती. नवरीची आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिलाही सांगितलं, "ताई, जपून. यांचा काटा खोटा आहे." आतून मॅनेजर आला, टाय लावलेला. "काका, काट्याला सरकारी शिक्का आहे, तुम्ही बसून घ्या." मी म्हटलं, "शिक्के मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय." कोटवाली पोरगी रडकुंडीला आली. थोरलीने पाटल्या आणि वजन पिशवीत कोंबलं आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं. बंदूकवाल्याने या वेळी सलाम केला नाही.

रस्त्यावर ती म्हणाली, "नाना, मला या गल्लीतून रोज जायचं असतं."

मी म्हटलं, "चोराच्या गल्लीतून जाऊ नये."

संध्याकाळी धाकटीचा फोन. तिला मी सगळं सांगितलं. ती उसळली. "मी म्हणतच होते! अक्काचं दुकान ते. ओळखीचे म्हटल्यावर आधीच बोलणं झालं असेल. तिला काय, तिकडून एखादी अंगठी स्वस्तात पडेल. तुम्ही इकडं धुळ्याला या. आमचा सोनार बघा कसा देवमाणूस आहे."

आता इथं माझी चूक ऐका. मी सरळ माणूस. एकीने जे सांगितलं ते मी दुसरीला जसंच्या तसं सांगितलं. आजवर या दोघींमधले निरोप त्यांच्या आईच्या हातून गेले होते. ती मधला कडूपणा आपल्या पोटात ठेवायची आणि उरलेलं पुढं द्यायची, हे मला ती असताना कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, दोन्ही पोरी मुळातच गोड आहेत.

थोरली म्हणाली, "म्हणजे मी आईच्या पाटल्यांत अंगठी काढली. असं म्हणाली ती?"

"तसंच म्हणाली."

"बरं. मग वर्षश्राद्धाला तिलाच बोलवा. ती असेल तिथं मी येत नाही."

मी म्हटलं, अगं आईचं वर्षश्राद्ध आहे. ती म्हणाली, म्हणूनच. आणि फोन ठेवला.

धाकटीला विचारलं, ती म्हणाली, "नको येऊ दे. मी एकटी करीन स्वयंपाक." मग तीही रडली. आठ-दहा दिवस हेच चाललं. गावातली एक म्हातारी, बायकोची मैत्रीण, मला म्हणाली, "नाना, पाटल्या विहिरीत टाका आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, "बाई, विहिरीत टाकल्या तर दोघी विहिरीवरून भांडतील."

म्हणून धुळ्याला गेलो. मनात एकच. इथं पाच तोळे भरल्या की जळगावचा सोनार खोटा ठरेल, थोरलीला सांगता येईल की बाई, तुझाही काही दोष नाही, तूही फसलीस. मग मिटेल. माझं गणित असं होतं. पारोळ्यावरून गाडी जात होती आणि मी मनातल्या मनात थोरलीशी बोलत होतो, अगदी गोड. तोंडाला लगाम लावून.

धाकटीचा सोनार एका बोळात. दुकान कसलं, एक ओटा. गादी, त्यावर चष्म्याला दोरा बांधलेला म्हातारा, माझ्याच वयाचा. अहिराणी बोलणारा. भिंतीला लाकडी कपाट, पुढं कसोटीचा काळा दगड आणि एक लहानसा बॅटरीचा काटा. चहा नाही, कोट नाही. मला बरं वाटलं. असंच दुकान खरं.

त्याने पाटल्या काट्यावर ठेवल्या. आणि म्हणाला, "एकोणपन्नास. वर एक दशांश."

मी धाकटीकडे बघितलं. तिचं तोंड पडलं. मी पिशवीतून वजन काढलं, न विचारता त्याच्या काट्यावर ठेवलं. एकोणपन्नास आणि वर एक दशांश.

"अरे वा रे वा," मी म्हटलं. "इथंही तेच! जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळे एका शाळेत शिकलात का? पोरी, चल. हाच तुझा देवमाणूस?"

म्हातारा रागावला नाही. चष्मा कपाळावर नेला आणि हसायला लागला. "बठा, नाना, बठा. जळगाववाला मना सोयरा नही. मी त्याले वळखत बी नही. आते मना काटा खोटा शे, त्याना काटा बी खोटा शे, आनि दोन्ही बरोबर सारखाच खोटा शेतस? बठ्ठी दुनिया खोटी, आनि तुमनं एकलं वजन खरं?"

हा हिशोब मी स्वतः किती वेळा बाजारात लोकांना शिकवला होता. दोन तराजू एक सांगत असतील आणि तिसरा वेगळं, तर तिसऱ्याला बघ. गिऱ्हाइकाला मीच म्हणायचो. स्वतःच्या वजनाच्या वेळी मला ते सुचलं नाही. देव्हाऱ्यातलं वजन खोटं कसं असेल?

त्याने वजन उचललं. उलटं केलं. बुडाला नख लावलं आणि मला विचारलं, "शिसं कोठे गये?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितळेच्या वजनाला एक भोक असतं. त्यात शिसं ठोकून वजन बरोबर करतात आणि वजनमापाचा साहेब त्या शिशावर ठसा मारतो. ते शिसं म्हणजे वजनाची इमानदारी. मी पुढं वाकून बघितलं. भोक काळपट चोंदलेलं होतं, पण शिशाने नाही. सगळी उमर या वजनांवर भाकरी खाल्ली आणि मी बूड बघितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने टाचणी घेतली आणि भोक उकरलं. तपकिरी, वाळलेलं, चिवट काहीतरी गादीवर पडलं. त्याने ते बोटावर घेतलं, हुंगलं.

"हाई ते चिंच शे."

मला एका क्षणात सगळं समजलं. दरवर्षी खंडेनवमीला बायको पितळ घासायची. चिंच आणि राख. समई, तांब्या, घंटी आणि हे वजन. मी म्हणायचो, बाई, वजन आहे ते, भांडं नाही, इतकं घासू नको. ती म्हणायची, देवासमोर काळं वजन ठेवू का? आणि घासायची. अशी घासायची की शेवटी शिसं सुटून गेलं असेल, मोरीतून वाहून. गेल्या वेळची खंडेनवमी तिची शेवटची. उठवत नव्हतं, तरी पाटावर बसून तेवढं वजन तिने घासलंच. ती चिंच अजून त्या भोकात होती.

मी चिंच म्हाताऱ्याकडून घेतली. खिशात ठेवली.

"नाना? काय झालं?" धाकटी घाबरली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला हसूही आवरत नव्हतं, आणि दोन्ही एकदम झालं की माणूस वेड्यासारखा दिसतो.

"तुझ्या आईने," मी म्हटलं, "मला जाता जाता ग्रॅमभर फसवलं."

मग तिलाही सांगितलं. ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं आणि हसणं थांबलं. "म्हणजे जळगावच्या दुकानात काही खोट नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी अक्काला..." ती पदराचं टोक पिळत बसली.

मी म्हाताऱ्याला जळगावच्या मोठ्या दुकानात कोटवाल्या पोरीवर कसा ओरडलो ते सांगितलं आणि म्हटलं, "झालं ते झालं. आता तुम्हीच घ्या पाटल्या. तुमच्यावर माझा भरवसा बसला." त्याने दगडावर पाटली घासली, थेंब टाकला, बघितलं, सोनं चांगलं आहे म्हणाला. मग बोटांवर मोजून किती देईल तो आकडा सांगितला आणि पाटल्या परत माझ्यापुढं सारल्या.

"मी लेसू, पन तुमले कमी पडतीन. मना आटवाना खर्च शे, मी घट जास्ती धरस. तठे मशीन शे, रोख दीसन बी त्यासले परवडस. जळगावले तुमले जास्ती भेटतीन."

धाकटी म्हणाली, "काका, जळगावला जास्त मिळतील म्हणून गिऱ्हाईक परत पाठवताय?"

"तू धुळामाच ऱ्हास ना, बेटा? उद्या तुनी पोरना लगनले कोनाकडे येशी?" आणि परत हसला. नंतर माझ्याकडे बोट केलं. "पन नाना, पहिले त्या पोरनी माफी मांगा."

चांगला सोनार कसा ओळखायचा, असं मला आता गावात कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. जो सोनं घेतो तो नाही, जो खरं कारण सांगून परत करतो तो. पण असा सोनार भेटला तरी सोनं त्याला देता येत नाही, ही त्यातली अडचण.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी आणि धाकटी जळगावला उतरलो. थोरलीला मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुझं दुकान खरं निघालं. तुझ्यासमोर माफी मागायची आहे. ये." ती म्हणाली, "दारापर्यंत येते. आत येत नाही." आणि खरंच दुकानाच्या दाराशी बंदूकवाल्याच्या शेजारी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. धाकटी दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मधे काचेचं दार. मी एकटा आत गेलो.

कोटवाल्या पोरीने मला बघितलं आणि आपसूक काट्याची पेटी हाताने झाकली. मॅनेजर लगबगीने येताना दिसला. मी दोघांच्या आधी बोललो, मोठ्याने, कारण शिव्याही मोठ्याने दिल्या होत्या.

"बाई, तुझा काटा खरा. माझं वजन खोटं. मी तुला चोर म्हटलं, माझं चुकलं." आणि वजन उलटं करून काचेवर ठेवलं. "हे बघ भोक. शिसं गेलंय. माझ्या बायकोने चिंचेने घासून घासून घालवलं, आणि मी बोंबललो तुझ्यावर."

पोरगी वजनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, बसा ना." आणि चहा मागवला. मॅनेजर हसून आत गेला. तेवढ्यात मागून गार वारा आला, म्हणजे दार उघडलं होतं. दोघी आत येऊन माझ्या पाठीशी उभ्या होत्या, एक इकडं, एक तिकडं.

थोरली म्हणाली, "चिंचेने?"

मी म्हटलं, "चिंचेने."

"आणि तुम्ही बूड बघितलं नाही."

"नाही."

"एवढी वर्षं तोलणारा माणूस." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत धाकटीकडे होती. "बूड बघितलं नाही, अन् माझ्या गल्लीत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

धाकटी म्हणाली, "आई काय म्हणायची? आधी बघा..."

"...मग बोंबला," थोरलीने पुरं केलं.

"आणि अक्का, यांनी मला तुझं काय सांगितलं ठाऊक आहे? तू म्हणालीस मी आले तर तू येणार नाहीस."

"ते मी म्हटलं होतं."

"मग मी अंगठीचं म्हटलेलंही तुला सांगितलं का यांनी?"

"शब्द न् शब्द."

"अहो नाना!" दोघी एकदम. "असं सांगतात का?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हटलं तेच सांगितलं की."

"म्हणून काय झालं? आई सांगायची का?" आणि मग दोघी माझ्यावर तुटून पडल्या. एकीला दम लागला की दुसरी. मसाला तोलताना मी गिऱ्हाइकाला कसा डाफरायचो, एकदा पहूरच्या बाजारात एका बाईने मिरी माझ्या अंगावर कशी फेकली होती, सगळं बाहेर निघालं. थोरली म्हणाली, "वजन हलकं होतं म्हणूनच फेकली असेल." धाकटी म्हणाली, "आणि आपण बिचारीला वेडी म्हणत होतो." मी सांगायला लागलो की तेव्हा शिसं होतं, साहेबाचा ठसा होता, शिसं नंतर गेलं. कोणी ऐकेना. आणि नंतर म्हणजे कधी, हे मलाही छातीठोक सांगता आलं नसतं. कोटवाली पोरगी हसत होती आणि हसता हसता पाटल्या तोलत होती. एकोणपन्नास पॉइंट एक. मी काही बोललो नाही.

मशीनमध्ये पाटल्या घालून किती शुद्ध ते बघितलं. घट किती, भाव कोणता, हातात किती येतील, हे तिने कागदावर लिहून वाचून दाखवलं. दोघींनी कागद एकत्र धरून वाचला. धुळ्याच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं त्यापेक्षा थोडे जास्तच होते. धाकटीला पटलं, कारण तिच्याच सोनाराने इथं पाठवलं होतं. थोरलीला न पटायचा प्रश्नच नव्हता. पावती नव्हती म्हणून माझी सही, आधार कार्ड, अंगठ्यापर्यंत सगळं झालं. पैसे दोघींच्या खात्यात सारखे पाठवले. दोघींचे फोन एकदम वाजले.

पाटल्या त्या पोरीने एका लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या, वर चिकटपट्टी लावली, पट्टीवर काहीतरी लिहिलं आणि आत नेल्या. त्या वेळी मला काय वाटलं ते मी इथं सांगत नाही. थोरलीने माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि धाकटीने चहाचा कप माझ्या हातात दिला होता, एवढं पुष्कळ.

बाहेर आलो तर दोघींचं सुरू. उद्या मांडे करायचे का साध्या पुरणपोळ्या? थोरली म्हणाली, मांड्याला खापर तापवायला वेळ जातो, एवढं माणूस नाही. धाकटी म्हणाली, आईला मांडेच आवडायचे, मी पहाटे उठते. थोरली म्हणाली, तू पहाटे उठणार? लहानपणी तुला पाणी मारून उठवायचे मी. स्टॅंडपर्यंत हेच. मी मागं चालत होतो. मला मांडे आवडतात का पुरणपोळी, हे कोणी विचारलं नाही.

सावद्याची गाडी भरलेली होती. पुढं दोघांचं एक बाकडं रिकामं दिसलं, त्यावर त्या दोघी बसल्या. मला अगदी मागं, टायरवरच्या सीटवर जागा मिळाली. भुसावळ येऊन गेलं, तरी पुढून दोन डोकी एकमेकींकडे कलून बोलतच होती. एकीनेही मागं वळून बघितलं नाही.